बोलके इंग्रजी आणि आखूड शब्द

आमच्या समाजातील एक सेवानिवृत्त गृहस्थ काही वर्षांपूर्वी आपल्या मुलाकडे परदेशी गेले होते. गृहस्थ जुन्या वळणाचे. नोकरीच्या काळात त्यांच्या इंग्रजी मसुद्यात साहेबालाही चूक सापडत नसे. शेजारची गोरी बाई पहिल्याच आठवड्यात भेटीस आली आणि उभयतांनी आपल्याकडे चहास यावे असे तिने सुचविले. आमचे गृहस्थ चहा घेत नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडून, एकेक शब्द स्वच्छ उच्चारून, मोठ्या अदबीने सांगितले, "आय डू नॉट टेक टी. वुई विल नॉट कम टुडे." बाईचा चेहरा उतरला आणि ती दोन मिनिटांत निघून गेली. सायंकाळी सूनबाई घरी आल्यावर उलगडा झाला. "बाबा, तुम्ही तिच्यावर रागावलात असं वाटलं तिला," सूनबाई म्हणाल्या. "अगं, मी तर हात जोडून बोललो!" बाबांना काही केल्या समजेना.

ही हकीकत त्यांनी स्वतःच आम्हांस हसत हसत सांगितली. 'थँक यू' म्हणावयाचे राहून गेले, ही एक चूक त्यांनी कबूल केली. परंतु खरी मेख निराळीच होती. त्यांच्या वाक्यांत व्याकरणाची काडीइतकीही चूक नव्हती. मात्र साधा नकार द्यावयाचा असेल तेव्हा इंग्रजी बोलणारा माणूस 'आय डोन्ट', 'वुई वोन्ट' असे म्हणतो. 'डू नॉट', 'विल नॉट' असे दोन शब्द सुटे करून तो बोलू लागला म्हणजे त्यास काही ठासून सांगावयाचे आहे असे ऐकणारा धरून चालतो. "आज जमायचं नाही हो" आणि "आम्ही येणार नाही म्हणजे नाही" या दोन मराठी वाक्यांत जे अंतर आहे, जवळजवळ तेच तेथे पडते. आपण आदर म्हणून शब्द पुरा उच्चारावा आणि समोरच्यास त्यात राग ऐकू यावा, असा हा प्रकार आहे. ट्रस्टच्या स्मरणिकेसाठी मुलांच्या व पालकांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा, अशी आज्ञा झाली तेव्हा आम्हांस हाच विषय सुचला. सुट्टीच्या दिवसांत गावातील मुलामुलींना इंग्रजी शिकविताना ही अडचण आम्ही वारंवार पाहिली आहे.

अडचणीचे मूळ आपल्या इतिहासात आहे. मोहगावची घरची भाषा मराठी, तीही वऱ्हाडी वळणाची. शाळा आणि कचेरी हिंदीची. बाजारहाट, दवाखाना आणि कॉलेज यांसाठी ओढ नागपूरची. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबर रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपली सौंसर तहसील इकडेच राहिली. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी कागदावरील पत्ता बदलला, चावडीवरील बोली तीच आहे. या सगळ्यात इंग्रजी आले ते तिसऱ्या नंबरावर, आणि आले ते कचेरीच्या व पुस्तकाच्या वाटेने. वडीलधाऱ्या मंडळींनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात घेऊन कंदिलाच्या उजेडात वाक्ये घोटली. अर्ज लिहावयाचा तर 'मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टू स्टेट' हे शब्द आपोआप लेखणीतून उतरत. त्या इंग्रजीवर अनेकांनी नोकऱ्या केल्या, मुलांची शिक्षणे केली, बहिणींची लग्ने केली. तिला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एवढेच की ती भाषा डोळ्यांनी शिकलेली होती. कानावर पडण्याचा योग तिला फारसा आला नाही, म्हणून जसे लिहिले तसेच आपण बोलत गेलो.

एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, शब्द खाऊन बोलणे म्हणजे अशुद्धच ना?" आम्ही फळ्यावर लिहिले, 'तू काय करीत आहेस?' आणि हे वाक्य गेल्या महिन्यात घरी कोणाच्या तोंडून ऐकले ते हात वर करून सांगावे असे म्हटले. एकही हात वर आला नाही. पुण्या-मुंबईकडे 'काय करतोयस' म्हणतील. आपल्याकडे 'का करून रायला बे' म्हणतील. 'आला आहे' याचे 'आलाय' होते, 'जायचे आहे' याचे 'जायचंय', 'कुठे आहे' याचे 'कुठाय', 'पाहिजे'चे 'पायजे' आणि 'राहिला'चे 'रायला'. शाळेतून आलेल्या मुलाने आईस 'मला भूक लागलेली आहे, मला भाकरी पाहिजे आहे' असे सांगितले तर ती माउली भाकरी देण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील!

मराठीत आपण मुख्यतः 'आहे' हा शब्द गिळतो. इंग्रजीत 'अ‍ॅम, इज, आर, हॅव, विल, नॉट' हे शब्द गिळतात. दोहोंकडे गिळला जातो तो आधाराचा शब्द. अर्थाचा भार ज्या शब्दावर असतो तो सहसा शाबूत राहतो. मात्र इंग्रजीत हे फार मोठ्या प्रमाणावर चालते, कारण त्या भाषेची चालच निराळी आहे. आपण मराठीत साधारणपणे प्रत्येक अक्षरास सारखेच वजन देतो. इंग्रज वाक्यातील दोनचार अक्षरांवरच जोर देतो आणि मधली बाकीची अक्षरे घाईने उरकून टाकतो. 'कप ऑफ टी' मधील 'ऑफ' हा तेथे 'कपव टी' इतकाच उरतो. 'ब्रेड अँड बटर' मधील 'अँड'चा नुसता 'न' होतो. आपण मात्र 'ऑफ' आणि 'अँड' यांस घरच्या वडील माणसाइतका मान देतो.

आणि गंमत अशी की अशी आखडलेली इंग्रजी रूपे आपल्या आजीच्याही तोंडी आहेत. 'टेन ओक्लॉक' मधील 'ओक्लॉक' म्हणजे 'ऑफ द क्लॉक'. 'गुडबाय' हे 'गॉड बी विथ यू' या आशीर्वादाचे झिजलेले रूप आहे. गावातील पोर गाडी सुटताना हात हलवून 'बाय' म्हणते तेव्हा त्या आशीर्वादाचे शेवटचे टोक तेवढे त्याच्या हाती असते.

या रूपांवर खुद्द इंग्रजांतही तक्रारी झाल्या. 'गलिव्हर'चा कर्ता जोनाथन स्विफ्ट याने १७१० साली 'टॅटलर' पत्रात 'कान्ट', 'शान्ट' असे शब्द लिहिणाऱ्यांवर कोरडे ओढले. पुढे त्याच्याच खाजगी पत्रांत असली रूपे सापडतात, हे पाहून आमच्या शुद्धतावादी मित्रांनी थोडे सबुरीने घ्यावे. बर्नार्ड शॉने तर 'डोन्ट', 'वोन्ट' हे शब्द माथ्यावरचा स्वल्पविराम न देताच छापविले. त्या स्वल्पविरामास अपॉस्ट्रॉफी म्हणतात, आणि गळालेल्या अक्षराची ती खूण असते.

शॉचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्याचे 'पिग्मॅलियन' हे नाटक मराठी वाचकांस पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे, म्हणजे १९७५ पासून, परिचयाचे आहे. फुलवालीस शुद्ध बोलावयास शिकवून मोठ्या लोकांत मिरवावयाचे, अशी त्याची कथा. १९३८ साली मूळ नाटकावर जो इंग्रजी चित्रपट निघाला त्यात एका मेजवानीत एक भाषापंडित त्या मुलीचे बोलणे ऐकतो आणि ही इंग्रज नव्हेच, ही हंगेरीची राजकन्या, असा निर्वाळा देतो. कारण काय, तर इतके निर्दोष इंग्रजी कोणी इंग्रज बोलतच नाही! आमच्या चहा न घेणाऱ्या गृहस्थांस आम्ही ही गोष्ट ऐकविली तेव्हा त्यांचे बरेच समाधान झाले.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. आखूड रूपांचे दोन वर्ग मनात स्पष्ट ठेवावेत. पहिला वर्ग प्रतिष्ठितांचा. 'आय अ‍ॅम'चे 'आय्म', 'ही इज'चे 'हीज', 'इट इज'चे 'इट्स', 'आय हॅव'चे 'आय्व', 'आय विल'चे 'आय्ल', 'डू नॉट'चे 'डोन्ट', 'डज नॉट'चे 'डझन्ट', 'आर नॉट'चे 'आरन्ट'. ही रूपे न्यायाधीशापासून हमालापर्यंत सर्व जण बोलताना वापरतात. ती बोलण्यात कोठेही खुशाल वापरावीत, वडील माणसांशीही. 'विल नॉट'चे 'वोन्ट' कसे झाले असे मुले विचारतात. जुन्या इंग्रजीत 'विल'चे 'वोल' असेही एक रूप प्रचारात होते. 'वोल नॉट' गेले आणि त्याचे पोर 'वोन्ट' मागे राहिले.

या वर्गात आपली मुले जेथे हमखास अडखळतात ती जागा वाक्याच्या शेवटी आहे. "आर यू फ्रॉम मोहगाव?" असे कोणी विचारले तर "येस, आय्म" हे उत्तर चालत नाही. "येस, आय अ‍ॅम" असेच म्हणावे लागते. पुढे काही यावयाचे असेल तरच हा शब्द आखडतो. शेवटी उभा राहिला की त्यास पुरे उभे राहावे लागते. मराठीत 'आलोय' म्हणून वाक्य संपते, त्यामुळे आपल्या कानास ही अडचण जाणवत नाही. नकारास मात्र हे बंधन नाही. "नो, ही इझन्ट" हे बिनचूक आहे.

दुसरी जागा अर्थाची. 'हीज गोइंग' यात 'इज' आहे, 'हीज गॉन' यात 'हॅज' आहे. 'हीड गो' यात 'वुड' आणि 'हीड गॉन' यात 'हॅड'. आखडलेला शब्द ओळखावयाचा तो पुढच्या क्रियापदावरून. 'यूड बेटर गो' यात मात्र पुढे 'गो' असूनही मुळात 'हॅड' आहे, तेवढे पाठच करावे. लिहिताना 'इट इज'च्या 'इट्स'वर अपॉस्ट्रॉफी द्यावी, 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'वर देऊ नये. ही चूक इंग्रजांच्या दुकानांच्या पाट्यांवरही आढळते, म्हणून ती केल्याबद्दल मुलांस फार रागे भरू नये.

दुसरा वर्ग निव्वळ बोलभाषेचा. त्याची ओळख नसली म्हणजे काय होते ते पाहा. आमच्या वर्गातील एका हुशार मुलीची टेलिफोनवर मुलाखत झाली. शाळेत तिचे माध्यम हिंदी. पलीकडच्या माणसाने विचारले, "व्हॉटर यू गॉना डू इफ यू डोन्ट गेट इट?" तिला त्यातला 'गॉना' तेवढा ऐकू आला, आणि तो ऐकू आला 'गौना'. लग्नानंतर नवरीची सासरी पाठवणी करतात त्यास हिंदीत गौना म्हणतात हे आपल्या सरहद्दीवर कोणास सांगावयास नको. गोरा साहेब आपल्या गौन्याची चौकशी का करतो आहे हे त्या बिचारीस समजेना. तिने गंभीरपणे उत्तर दिले, "सर, आय अ‍ॅम नॉट मॅरिड." नोकरी मिळाली नाही तर पुढे काय करणार, एवढेच त्याला विचारावयाचे होते. हाच प्रश्न कागदावर छापून दिला असता तर तिने त्याचे पानभर सुंदर उत्तर लिहिले असते. त्या दिवशी ती खूप रडली. वर्गात आम्ही नुसते व्याकरण शिकवीत होतो, ऐकणे शिकवीत नव्हतो, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले.

तेव्हा 'गोइंग टू' म्हणजे 'गॉना', 'वॉन्ट टू' म्हणजे 'वॉना', 'हॅव गॉट टू' म्हणजे 'गॉटा', 'लेट मी' म्हणजे 'लेमी', 'गिव्ह मी' म्हणजे 'गिमी', 'डोन्ट नो' म्हणजे 'डनो', 'डिड यू' म्हणजे 'डिजू' आणि 'कुड हॅव' म्हणजे 'कुडव' हे कानाने ओळखता आलेच पाहिजे. 'गॉना' फक्त क्रियापदाच्या आधी येतो. 'आय्म गॉना बाय अ सायकल' बरोबर आहे. पण नागपूरला जावयाचे असेल तर 'आय्म गोइंग टू नागपूर' असे पूर्णच म्हणावे लागते, 'आय्म गॉना नागपूर' म्हणणारास नागपूर गाठता यावयाचे नाही. 'ही' आणि 'शी' यांच्यापुढे 'वॉना' लागत नाही, कारण तेथे मुळात 'वॉन्ट्स टू' असते. 'कुडव' ऐकून काही मुले 'कुड ऑफ' असे लिहितात. तेथे 'हॅव' आहे हे विसरू नये.

ही दुसऱ्या वर्गातील रूपे जिभेवर आलीच पाहिजेत असे आमचे मत नाही. शहरातील शिकवणीत चार महिने काढून आलेली काही मुले प्रत्येक वाक्यात दोन 'गॉना' आणि एक 'वॉना' घालतात. नव्या वहाणांची करकर जशी लांबून ऐकू येते तसे ते वाटते. बाकीचे उच्चार मोहगावचे आणि मध्येच हा अमेरिकन झगा, यात सहजपणा नाही. पहिल्या वर्गातील रूपे नीट वापरली तरी बोलणे पुरेसे मोकळे होते. दुसऱ्या वर्गातील रूपे कानात असावीत. जिभेवर यावयाची तेव्हा ती आपोआप येतील.

एका शब्दजोडीबद्दल मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तिच्यापायी माणसांचे प्रत्यक्ष नुकसान होते. ती जोडी म्हणजे 'कॅन' आणि 'कान्ट'. आमच्या ओळखीच्या एका तरुणास टेलिफोनवर विचारले गेले की रात्रपाळी जमेल काय. त्याने प्रत्येक शब्दावर भार देत उत्तर दिले, "आय कॅन वर्क अ‍ॅट नाइट." त्यांनी टिपून ठेवले की यास रात्रपाळी जमत नाही, आणि जागा दुसऱ्यास गेली. हे असे कसे झाले? बोलण्याच्या ओघात होकारार्थी 'कॅन' इतका हलका होतो की त्याचा नुसता 'कन्' उरतो आणि जोर पुढच्या 'वर्क'वर पडतो. नकारार्थी शब्दावर उलट पुरा जोर असतो. अमेरिकन माणूस त्याचा उच्चार 'कॅऽन्ट' असा लांबवून करतो, शेवटचा 'ट' जवळजवळ गिळतो. म्हणजे ऐकणारा 'ट'ची वाट पाहत बसत नाही, तो जोरावरून निर्णय घेतो. आपण जड 'कॅन' उच्चारला की त्यास नकार ऐकू येतो. म्हणून होकार देताना 'आय कन् वर्क' असे हलके म्हणावे व 'वर्क' वर भार द्यावा. नकार देताना इंग्रजी पद्धतीने तोंड उघडून 'कान्ट' म्हणावे, त्यातील 'आ' ऐकून कोणाची फसगत होत नाही. नोकरीचा किंवा पैशाचा मामला असेल तर आरंभी 'येस' अथवा 'नो' घालावयास विसरू नये. हा सराव आम्ही वर्गात आता पहिल्याच दिवशी घेतो.

कोठे आखडावयाचे नाही हेही सांगितले पाहिजे, नाहीतर पालक आमच्यावर रागावतील. अर्ज, परीक्षेची उत्तरपत्रिका, करारनामा, कोर्टाचा कागद यांत शब्द पुरे लिहावेत. १९९९ साली लाँगमन कंपनीने बोलण्यातील व लिहिण्यातील इंग्रजीचे एक मोठे व्याकरण प्रसिद्ध केले. सुमारे ४ कोटी शब्दांचा प्रत्यक्ष वापर तपासून ते रचलेले आहे. गप्पांत आखूड रूपे भरपूर आणि विद्वानांच्या शास्त्रीय लेखनात अगदी विरळ, असेच त्यांनाही आढळले. आमच्या शाळेत एक गुरुजी वहीत 'डोन्ट' दिसला की तांबड्या शाईने खोडीत असत. वहीपुरते ते योग्यच करीत होते. बोलण्यातही काही प्रसंगी पुरा शब्दच हवा. रोग्यास औषध समजावून देताना, मुलास विजेच्या तारेपासून दूर ठेवताना, किंवा टेलिफोनवर खरखर होत असताना 'डू नॉट' असेच ठणकावून म्हणावे. तो जोर अशा वेळेसाठीच राखून ठेवलेला असतो.

सराव कसा करावा? एखादी छोटी इंग्रजी मुलाखत किंवा बातमी ध्वनिमुद्रणावरून एकेक वाक्य करून ऐकावी. ऐकले ते शब्द पुरे करून वहीत लिहावे, मग वही मिटून बोलणाऱ्याच्या गतीने तेच वाक्य म्हणावे. रोज दहा मिनिटे पुरेत. दोघे भावंडे असतील तर एकाने पुरे वाक्य म्हणावे व दुसऱ्याने आखडून. आजोबांनी परीक्षक व्हावे, त्यांचे व्याकरण आपल्याहून पक्के असते.

पुढील वाक्ये आमच्या वर्गात रोजची आहेत. 'मी उद्या संत्री तोडायला जाणार आहे.' 'तो अजून सौंसरहून आलेला नाही.' 'बस चुकली, आता चालतच जावे लागेल.' 'मला सोमवारी येता येईल, मंगळवारी येता येणार नाही.' 'आम्ही चहा घेत नाही, पण पाणी चालेल.' ही प्रथम आपल्या घरच्या बोलीत म्हणावीत, मग पुऱ्या इंग्रजीत आणि शेवटी आखडून. उत्तरे वहीत लिहू नयेत, मोठ्याने म्हणावीत.